रुळावर न ठेवलेला रुपया

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. परंदवडीच्या शाळेत, शंभरेक माणसांसमोर, सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाचं नाणं मी पाच सेकंदांत निकालात काढलं आणि वर एक विनोद केला. नुसता नाण्याबद्दल चुकलो असतो, तर एवढं लागलं नसतं. विनोदाला लोक हसले आणि ते हसणं मला आवडलं. खरी बोच ती आहे.

मी लोणावळ्याला राहतो आणि आंबीच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. आमच्याकडे पत्र्याचे वायसर, क्लिपा, पट्ट्या असा माल प्रेसवर निघतो. त्या प्रेसचे ठसे घासणं, बसवणं, दुरुस्त करणं हे माझं काम. नाण्यांचा नाद त्यातूनच लागला. कारण नाणं म्हणजे तरी काय, प्रेसवरचाच माल. कोरी चकती दोन ठशांच्या मधे येते, तिच्याभोवती एक पोलादी कडं असतं, वरून दाब बसतो, दोन्ही बाजूंना छाप उठते. कडं असतं म्हणून धातू बाहेर पसरत नाही, आणि काठावरचे बारीक दातेही त्या कड्यामुळेच पडतात. लाखो वेळा हे बिनचूक होतं. एखाद्या वेळी चकती सरकते आणि छाप अर्धी बाहेर जाते. कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी छाप उमटते, आरशात बघितल्यासारखी. कधी एक ठसा फिरतो, मग पुढची बाजू सरळ धरली तर मागची तिरकी दिसते. अशी नाणी शोधणारे आणि जपणारे लोक आहेत, त्यातला मी एक. ज्या चुकीसाठी आमच्या खात्यात मला बोलणी बसतात आणि माल लाल डब्यात जातो, तीच चूक नाण्यावर दिसली की मी आनंदाने घरी घेऊन येतो. बायको म्हणते, कारखान्यातला लाल डबा तुम्ही घरात आणून ठेवलाय.

माझ्या शेजारच्या प्रेसवर परंदवडीचा एक जण आहे. गावातल्या शाळेत दिवाळीनंतर छंदांचं प्रदर्शन भरतं, तिथे माझी नाणी मांडायची कल्पना त्याची. मी दोन ट्रे भरून घेऊन गेलो. त्याने गावात आधीच सांगून ठेवलं होतं की घरातली नाणी आणा, आमचे साहेब बघून सांगतात. त्यामुळे माझ्या टेबलासमोर ही रांग लागली. हल्ली मोबाईलवर कुठलंही नाणं लाखाला जातं असे व्हिडिओ फिरतात, ते सगळ्यांनी बघितलेले. एकाने पाच रुपयांचं नाणं आणलं, सालाखाली ठिपका आहे म्हणून. मी सांगितलं, ती टांकसाळीची खूण आहे, अशी कोट्यवधी नाणी आहेत. तो म्हणाला, मग माझ्यासारखे कोट्यधीश लय असतील. एका बाईंनी दोन्हीकडे सिंह असलेलं नाणं दाखवलं. भिंगातून बघितलं तर मधे डिंकाची रेघ. दीर हसत मागे उभा होता, त्यानेच दोन नाणी घासून चिकटवली होती. एकाच्या दहा रुपयांच्या नाण्याचा मधला गोल पडून गेला होता आणि त्याला तीही चूकच वाटत होती. मी प्रत्येकाला समजावत होतो, लोक हसत होते, मला रंग चढत गेला.

रांगेत शेवटी ते होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला रुमाल. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. माझा सोबती कानाशी म्हणाला, रेल्वेत होते, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये. आबांनी रुमाल उलगडून रुपया पुढे ठेवला. जुना, मोठा रुपया, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला कणसं. पण नेहमीपेक्षा रुंद, काठ पातळ, एकीकडे जरा जास्तच पसरलेला, आणि वापराने काळा पडलेला. म्हणाले, "पहिल्या पगारात आला. तवापास्नं दुकानदार घेईना, म्हनून राहिला."

मी तो हातात घेतला, एकदा उलटा केला आणि मला सगळं कळलं असं वाटलं. त्याला कारण होतं. मी मळवलीचा. लहानपणी आम्ही रुळावर नाणी ठेवून गाडी गेल्यावर चपटी झालेली उचलायचो. या विषयातला माझा अभ्यास नाण्यांच्या नादापेक्षाही जुना. भिंग टेबलावरच होतं, मी उचललंसुद्धा नाही. सहाच्या आत लोकल गाठायची होती, हेही खरं आहे, पण ते कारण पुढे करणार नाही.

"आबा, ही टांकसाळीची चूक नाही, ही गाडीची," मी म्हणालो. "रुळावर ठेवलेलं नाणं असंच होतं. आणि तुम्ही रेल्वेतले म्हटल्यावर रूळ काय, घरचाच."

हशा पिकला. आबा हसले नाहीत. ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्या न्हाई ठेवलं." मी म्हणालो, ठेवलं असेल हो कुणीतरी, आणि ट्रे आवरायला घेतला. त्यांनी रुपया रुमालात बांधला, रुमालाची घडी परत तशीच घातली आणि गेले.

दोन आठवड्यांनी कॅन्टीनमध्ये माझ्या सोबत्याने सहज सांगितलं, तुमचा विनोद गावात लय चाललाय. चहाच्या टपरीवर आबा आले की कुणीतरी बाकावर नाणं वाजवतं. कुणी म्हणतं, आबा, गाडीची वेळ झाली, रुपया ठेवून या. सुरुवातीला आबा काहीतरी बोलायचे, आता टपरीवर यायचेच बंद झालेत. त्याने ते गंमत म्हणूनच सांगितलं. मीही हसलो. पण चहा संपवताना मला त्या रुमालाची घडी आठवत राहिली.

मग डिसेंबरात आमच्याच प्रेसवर एक प्रकार झाला. वायसरवर पार्ट नंबर उठवायचा माल चालू होता आणि खालचं कडं तडकलं. दहा-बारा वायसर फुगून बाहेर आले. रुंद, पातळ काठाचे, एकीकडे जास्त पसरलेले. मी त्यातला एक लाल डब्यात टाकायला उचलला आणि तसाच उभा राहिलो. वायसर पसरला होता, पण त्यावरचा नंबर अगदी कोरून काढल्यासारखा ठसठशीत होता. छाप पडल्यावर माल दाबला, तर अक्षरं चेपतात, पुसतात. छाप पडतानाच माल पसरला, तर अक्षरं शाबूत राहतात. हे मी वीस वर्षं नवीन पोरांना शिकवत आलोय.

आबांच्या रुपयावरची अक्षरं कशी होती? मला आठवेना, कारण मी बघितलीच नव्हती. पण माझ्या सोबत्याने प्रदर्शनात फोटो काढले होते. त्यातल्या एकात मी आबांचा रुपया बोटांत धरून हसतोय. नाणं बघायचं तर माझं हसणारं तोंडही बघावं लागत होतं. मी फोटो मोठा केला. मोबाईलच्या फोटोतसुद्धा सिंहाची आयाळ दिसत होती. काठाकडची अक्षरं बाहेर ओढली गेली होती, पण एकही पुसलेलं नव्हतं.

घरी माझ्या डब्यात मळवलीचं एक नाणं अजून आहे, पाचवीत असताना रुळावर ठेवलेलं. ते काढून शेजारी ठेवलं. माझं नाणं लांबट, किंचित वाकडं, गुळगुळीत. सिंहांची तोंडं पार गेलेली, काठावर चेपलेल्या दात्यांच्या खुणा. दोन्हींत गोंधळ व्हावा असं काहीच नव्हतं. टांकसाळीत कडं वर आलं नव्हतं, आणि तो रुपया बिनकड्याचा छापला जाऊन पसरला होता. ठशांचं काम करणाऱ्या माणसानेच तो ओळखायला हवा होता.

यानंतर मी लगेच गेलो असतो, तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. मी गेलो नाही. आधी वाटलं, फोटोवरून नक्की सांगता येत नाही. मग वाटलं, आता विषय थंड झाला असेल, कशाला उकरायचा. एकदा सोबत्याला म्हणालो, आबांना सांग की नाणं चांगलं निघालं. तो जेवणाचा डबा बंद करत म्हणाला, "वाईट तुमी सांगितलं, आन् चांगलं मी सांगू व्हय?" असे तीन आठवडे गेले. रोज त्याच प्रेसवर ते नवीन बसवलेलं कडं माझ्याकडे बघायचं.

शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी सोबत्याच्या गाडीवर मागे बसून परंदवडीला गेलो. खिशात भिंग, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणि माझं मळवलीचं नाणं. आबांचं घर गावाच्या कडेला, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या, भिंतीवर बुद्धांची तसबीर. मावशी, म्हणजे आबांची बायको, दारातच होत्या. मला बघून आत वळून म्हणाल्या, "अवो, आलं बघा तुमचं नाणंवालं. आता घरातली भांडी दाखवा, ती बी रुळावर ठेवल्याली असतील." मग बसायला चटई टाकली आणि चहा ठेवला.

मी आबांना म्हटलं, मला नाणं परत बघायचंय, नीट. त्यांनी आतून पत्र्याची डबी आणली. डबीत रुपया आणि त्यांचा रेल्वेचा पितळी बिल्ला, दोन्ही शेजारीशेजारी. मी काटा मांडला. पुरे आठ ग्रॅम, म्हणजे कुणी कापलेलं, घासलेलं नाही. रुळावर चेपलं तरी वजन तेवढंच राहतं, म्हणून तिथे थांबलो नाही. भिंगातून काठ बघितला. दाते चेपलेले नव्हते. दाते मुळात पडलेच नव्हते. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण. पसरलेल्या बाजूला धातू कसा वाहत गेलाय, ते दिसत होतं. खरं सांगतो, अपराधी वाटण्याच्या आधी मला आनंद झाला. इतकं सुंदर पसरलेलं नाणं मी हातात घेतलं नव्हतं. मी भिंग आबांना दिलं, मावशींना दिलं, माझ्या सोबत्याला दिलं, आणि कड्याची सगळी गोष्ट सांगितली.

आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तवा म्हनलात खोटं. आज म्हनताय खरं. उद्या काय म्हनाल?"

मी म्हणालो, उद्याही हेच म्हणेन, तेव्हा मी बघितलं नव्हतं.

"पर बोललात," मावशी चहाचा कप ठेवत म्हणाल्या. त्यांनी मग किंमत विचारली. मी सांगितलं की याला छापील भाव नसतो. आधी ते टांकसाळीतूनच असं आलंय याची खात्री लागते, ती आता आहे. मग चूक किती ठळक दिसते, नाणं किती जपलेलं आहे, तसली नाणी किती सापडतात, आणि शेवटी कुणाला ते किती हवंसं वाटतं. व्हिडिओवाले सांगतात तसे लाख काही येणार नाहीत, पण नाद असलेला माणूस रुपयाच्या कितीतरी पट नक्की देईल. काळं पडलंय म्हणून घासू मात्र नका, घासलं की किंमत जाते. मावशी म्हणाल्या, म्हणजे शेवटी तुम्हालाबी म्हाईत न्हाई. मी कबूल केलं. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

आबा म्हणाले, "इकायचाय कुनाला?" आणि मग ते बोलले, तुटक तुटक. ते साधे गँगमन नव्हते, पुढे चावीवाले झाले होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल होतात, त्या रोज सकाळी पायी फिरून हातोड्याने ठोकायच्या, आणि आपल्या भागातल्या रुळावर काही नाही ना, ते बघायचं. दगड, तार, काहीही. कामशेतपासून मळवलीच्या पुढपर्यंत त्यांचा भाग. सुट्टीच्या दिवसांत रुळावर नाणी ठेवणारी पोरं हा रोजचा ताप.

मी खिशातून माझं नाणं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं, एका नजरेत ओळखलं. "ह्ये रुळावरचं. कुटं ठेवलंत?"

"मळवलीच्या पुढं, पुलाजवळ. पाचवीत असताना."

"माजाच भाग त्यो. मग मी तुमाला पळवलं आसंल."

"असेल," मी म्हणालो. "एका माणसाने हातोडा दाखवून आम्हाला शेतातून पळवलं होतं खरं."

"हातोडा समदेच दाखवायचे," आबा म्हणाले. मग माझं नाणं अंगठ्याने चोळत राहिले. "नान्यानं गाडीला काय व्हत न्हाई, साहेब. पर नानं उचलाया वाकल्यालं पोर दुसऱ्या रुळावरची गाडी बगत न्हाई. म्हनून मी पळवायचो. तेहतीस वर्सं. आन् तुमी समद्या गावाम्होरं म्हनलात, म्या ठेवलं."

विनोद त्यांच्या रुमालातल्या रुपयाला लागला, असं मी तोवर समजत होतो. तो तेहतीस वर्षांना लागला होता. टपरीवर कुणी बाकावर नाणं वाजवलं की ते त्या माणसाला काय सांगणार होते? मी चटईवरच हात जोडले आणि माफी मागायला लागलो. आबांनी हात वर करून थांबवलं.

"हितं नगं," ते म्हणाले. "मला एकट्याला सांगून काय उपेग? मला ठावं हाय की म्या ठेवलं न्हाई. जितं बोललात, तितं बोला."

मावशी म्हणाल्या, सव्वीस जानेवारीला झेंड्याला समदा गाव शाळेत असतो, मग जिलेबी वाटतात, जिलेबीच्या आधी बोला, नंतर कुणी थांबत न्हाई.

मुख्याध्यापक बाईंना माझ्या सोबत्यानेच विचारलं. त्यांनी दोन मिनिटं दिली. मी घरी पानभर लिहून काढलं, कडं, चकती, दाते, सगळं. दोन्ही नाण्यांचे मोठे फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवले. बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, हे व्याख्यान आहे, माफी कुठेय. मी ते पान घडी घालून खिशात ठेवलं.

झेंडावंदन झालं. पोरांची कवायत झाली. बाईंनी माझं नाव घेतलं तसं टपरीवरच्या मंडळींत खसखस पिकली, त्यांना वाटलं परत गंमत आहे. आबा पहिल्या रांगेतल्या खुर्चीत होते. तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण आज छातीवर पितळी बिल्ला लावलेला. बाजूला मावशी. जिलेबीची परात मागे झाकून ठेवलेली, वास येत होता.

मी पुठ्ठा वर धरला. डावीकडचं नाणं रुळावर ठेवलेलं आहे, म्हणालो, आणि ते मी ठेवलं होतं. उजवीकडचं आबांचं. पुढचं मी पुठ्ठ्याकडे बघतच पुटपुटलो, ते मलाच नीट ऐकू आलं नाही. बोलून झालं असं वाटून मी पुठ्ठा खाली केला, तोच पहिल्या रांगेतून आबांचा आवाज आला.

"साहेब, मागं ऐकू गेलं न्हाई."

लोक हसले. या वेळी माझ्यावर हसले, आणि ते बरोबरच होतं. मी मागच्या रांगेकडे, टपरीवरच्या मंडळींकडे बघितलं आणि प्रेस चालू असताना बोलतो तेवढ्या मोठ्याने बोललो:

"आबांचा रुपया खरा आहे. तो टांकसाळीतूनच असा आलाय. आबांनी तो रुळावर ठेवला नाही. तेहतीस वर्षं त्यांनी रुळावर नाणी ठेवणाऱ्या माझ्यासारख्या पोरांना पळवून लावलं. मी नाणं न बघता बोललो, आणि चारचौघांत त्यांची थट्टा केली. आबा, माझं चुकलं. मला माफ करा."